दुसऱ्या मजल्यावरचं पाणी

हे मी कुणाजवळच बोललेलं नाही. नवऱ्याजवळ नाही, सख्ख्या बहिणीजवळ नाही. तुम्हालाच का सांगतेय? तुमची-माझी ओळख नाही, म्हणून असेल. किंवा आता ते पोटात मावत नाही, म्हणून. मला नक्की सांगता येत नाही — आणि या सगळ्यात मला नक्की सांगता येईल असं फार थोडं आहे, ते आधीच सांगून ठेवते.

गोष्ट तशी क्षुल्लक. कुणी मेलं नाही, कुणाचं घर बुडालं नाही. दोन बादल्या पाण्याची गोष्ट.

मी नाशिकमध्ये कार्पेट धुते. हॉल, ऑफिसं, दवाखाने, बंगले. माझं मशीन कार्पेटमध्ये साबणाचं गरम पाणी मारतं आणि लगेच ओढून घेतं. लोकांना वाटतं, धुणं म्हणजे पाणी मारणं. ते तर कुणीही करेल. खरं काम ओढण्याचं आहे. पाणी आत राहिलं की तिसऱ्या दिवशी कुबट वास, मग काळे ठिपके, मग गिऱ्हाइकाचा फोन. माझं मशीन जुनं, ओढ कमी. आठ बादल्या टाकल्या तर पाच परत यायच्या. तीन कार्पेटच्या पोटात. मग पंखे लावा, खिडक्या उघडा, दोन दिवस कुणाला पाय ठेवू देऊ नका.

रफीकभाई म्हणजे द्वारका चौकाजवळ जळकी मोटर नवी तार गुंडाळून भरून देणारे कारागीर. पंपाची, मिक्सरची, कशाचीही मोटर जळाली की माणसं त्यांच्याकडे. माझ्याहून दहा-बारा वर्षांनी मोठे, पण मला ताई म्हणतात. माझं रडगाणं ऐकून ऐकून त्यांनी एकदा मशीनच ठेवून घेतलं. मोटरकडे बघितलंसुद्धा नाही. उदबत्ती पेटवली आणि पाइपाच्या एकेका जोडापाशी धरली. जिथे धूर आत खेचला जाई, तिथे खडूची खूण. सात खुणा झाल्या. "मोटर बरोबर आहे, ताई. हवा रस्त्यातच चोरी होते," म्हणाले.

मग ते त्या नादाला लागले. जोड बंद केले, पाइप आखूड केला. आणि शेवटी नोझल — कार्पेटवर टेकतं ते तोंड — स्वतः नव्याने बनवलं. फट अरुंद, कडेला रबराची पट्टी, वर काचेची छोटी खिडकी, पाणी वर चढताना दिसावं म्हणून. चार महिने चाललं होतं ते. दुकानाच्या मागे सतरंजी ओली करायची, ओढायची, मोजायचं. पाणी मोजून टाकायचं, मोजून काढायचं — हा त्यांचा नियम. बाकी कुणी काही म्हणो, बादली काय म्हणते ते खरं. सिडकोतले दोघे-तिघे धंदेवाले वाट बघत होते, मोठ्या हॉलवर चाललं की आम्हालाही करून द्या म्हणत होते. त्या दिवसांत रफीकभाई वेगळेच दिसायचे. एवढं आयुष्य दुसऱ्यांच्या जळक्या मोटरी भरण्यात गेलं, ही पहिली वस्तू माझी — असं ते एकदा बोलले होते. बोलून लाजले होते.

मोठा हॉल मिळाला. गंगापूर रोडला, कार्यक्रमांसाठी भाड्याने देतात तसला. दुसरा मजला, लिफ्टमध्ये मशीन मावेना, म्हणून आम्ही ते जिन्याने वर चढवलं, रफीकभाई खालून धरून. शुक्रवार होता. मशीन जोडून होईपर्यंत ते थांबले. जाताना सांगून गेले — कार्पेटचा प्रत्येक पट्टा धुतला की पाण्याचं बटण सोडायचं आणि नुसतं ओढत तीनदा फिरवायचं. नमाज पढून येतो, मग मशीनच्या ड्रममध्ये ओढून आलेलं पाणी मिळून मोजू.

मी एकदाच फिरवलं.

का? हेच मला अजून उमगत नाही. घाई नव्हती, सगळी दुपार पडली होती. गुडघे दुखत होते, पण ते रोजच दुखतात. की राग आला होता? इतकी वर्षं हे काम करणाऱ्या बाईला पट्टा कसा ओढायचा ते शिकवतात, याचा? असेलही. पण त्यांच्यावर कधी कुणाला राग येतो का? मी तेव्हा काही ठरवलं नव्हतं, एवढं खरं. पहिल्या पट्ट्याला तीनदा फिरवलं, दुसऱ्याला दोनदा, आणि मग एकदाच — तसंच होत गेलं.

शेवटी ड्रममध्ये डोकावले. आठ बादल्या टाकलेल्या, आत जेमतेम पाच. जुन्या नोझलइतक्याच. खाली त्यांच्या स्कूटरचा आवाज आला. दाराशी हॉलच्या बायकांनी फरशी पुसून ठेवलेलं पाणी होतं, दोन बादल्या, तसंच गढूळ.

मी त्या ड्रममध्ये ओतल्या.

शाळेत बाई वर्गात येताना पाटी हाताने झाकावी, तेवढंच होतं ते. विचार नव्हता त्यात. की होता? बादल्या रिकाम्या करून मी त्या पुन्हा जागच्या जागी ठेवल्या होत्या — विचार नसलेलं माणूस एवढं करतं का?

भाईंनी मोजलं. सात. पुन्हा मोजलं. त्यांचे डोळे भरून आले. एकदा एवढं म्हणाले, "फिनाइलचा वास येतोय का, ताई?" मी म्हणाले, हॉलवाल्यांनी बाहेरची फरशी पुसलीय. त्यांनी मान हलवली. बादली सात म्हणत होती ना. सात आल्या म्हणजे आत फक्त एक राहिली, म्हणजे पंखे लावायची गरज नाही. त्यांनी मॅनेजरला छातीठोकपणे सांगितलं — संध्याकाळी खुर्च्या मांडा, खुशाल दारं लावा.

मी तिथे उभी होते. तेव्हा बोलता आलं असतं. पंखे लावू या, एवढं म्हटलं असतं तरी पुरलं असतं.

चौथ्या दिवशी बोलावणं आलं. हॉलमध्ये पाय ठेवताच वास. खुर्च्यांच्या पायांचे गंजाचे डाग ओळीने उमटलेले. कोपऱ्यात कार्पेट फुगून वर आलेलं. मॅनेजरने सगळ्या स्टाफसमोर रफीकभाईंना वाट्टेल ते सुनावलं. भंगारातून खेळणी करता आणि आमच्यावर प्रयोग करता, असं. माझ्याकडे त्याने बघितलंही नाही. रफीकभाई मान खाली घालून म्हणाले, "गलती माझी आहे, साहेब. ताईंची काही नाही."

सिडकोवाल्यांनी नाद सोडला. पण ते नव्हतं रफीकभाईंच्या डोक्यात. त्यांच्या डोक्यात एकच — सात बादल्या परत आल्या, तर कार्पेटमध्ये पाणी कुठलं? दुकानामागे पुन्हा सतरंजी ओली केली, पुन्हा उदबत्ती लावली. तिथे दर वेळी सात, कधी त्याहून जास्त. मग हॉलमध्येच असं का झालं? कितीतरी दिवस ते मला विचारत राहिले. मी पण कपाळाला आठ्या घालून विचार करत बसायचे. होय, त्यांच्यासमोर बसून, चहा पीत.

शेवटी त्यांनी मानलं की आपलं मोजणंच खोटं आहे. आपल्याला दिसतं एक आणि असतं एक. त्यानंतर त्यांनी नवीन काही केलं नाही. नोझल माझ्या हातात दिलं, भंगारात टाका म्हणाले. आठवड्याने विचारलं, टाकलं का? मी हो म्हणाले.

टाकलं नव्हतं. ते माझ्या मशीनला लावलंय. पाच वर्षं झाली. तीनदा फिरवते, न चुकता. धंदा दुप्पट झालाय. लोक मोबाइलवर पाच तारे देतात, लिहितात की सकाळी धुतलं, संध्याकाळी कोरडं. द्वारकेवरून गाडी न्यायची असली की नोझलवर पोतं टाकते. सिग्नलला थांबले की मागे वळून बघते, पोतं सरकलं तर नाही ना.

मागच्या महिन्यात मोटर जळाली. दुसरीकडे नेता आली असती. मी मोटर तेवढी सोडवली आणि त्यांच्याकडेच नेली — का, तेही विचारू नका. तार गुंडाळता गुंडाळता, वर न बघता त्यांनी विचारलं, "ताई, ते हॉलचं पाणी… कुठून आलं असेल?"

मला वाटलं, त्यांना काहीतरी उत्तर मिळावं. खरंच तसं वाटलं. मी म्हणाले, "खालून ओल आली असेल, भाई. जमिनीत पाणी असतं ना तिकडे. तुमच्या नोझलचा काही दोष नव्हता."

त्यांचा हात थांबला. त्यांनी वर माझ्याकडे बघितलं. रागाने नाही. कशाने, ते मला वाचता आलं नाही.

"हॉल दुसऱ्या मजल्यावर होता, ताई," ते म्हणाले. आणि पुन्हा तार गुंडाळू लागले.

मोटर झाली तशी मी घेऊन निघाले. गाडीत नोझल पोत्याखाली होतं.

दुसऱ्या दिवशी एका दवाखान्यात काम होतं. आठ बादल्या टाकल्या, प्रत्येक पट्ट्यावर तीनदा फिरवलं, आणि मग पाणी मोजलं. सात आल्या.