आधारपेशीचा आग्रह

चहा घ्या, आणि हसायचं असेल ते आत्ताच हसून घ्या. कारण गोष्टीत पुढे माझ्या मुलीच्या मॅडम आहेत, त्यांना हसलेलं मला चालणार नाही. मला हसा, मला सवय आहे.

आमची प्रज्ञा मेंदूवर संशोधन करते, इथे दिल्लीतच. हे वाक्य मी कुठे सांगितलं नाही ते विचारा. सरोजिनी नगरच्या मार्केटमध्ये कुर्त्याचा भाव करतानाही मी मेंदू मधे आणतेच. "भैया, बेटी दिमाग पर रिसर्च कर रही है, कुछ तो कम करो." तो काही कमी करत नाही. पण मला बरं वाटतं.

तर यंदा एप्रिलमध्ये आमच्या क्वार्टर्सच्या हॉलमध्ये जयंतीचा कार्यक्रम होता, आणि समितीने प्रज्ञाला मेंदूवर बोलायला सांगितलं. ती म्हणाली, भाषण नको, मी माणसं उभी करून मेंदू दाखवते. तिच्या मॅडम, म्हणजे ज्यांच्या हाताखाली ती संशोधन करते त्या, खास बघायला येणार होत्या. त्यांना आवडलं तर हाच खेळ घेऊन प्रज्ञाने शाळाशाळांत जायचं, असं ठरत होतं. नाही आवडलं तर विषय संपला.

"आई, तू आधारपेशी हां," तिने मला सांगून टाकलं.

"म्हणजे काय?"

"सपोर्ट सेल. चेतापेशी एकमेकींना निरोप देतात ना, त्यांना या सांभाळतात."

"आणि चेतापेशी कोण?"

"मेश्राम काका."

मला लागलं. मेश्राम काका म्हणजे आमच्या खालच्या मजल्यावरचे रिटायर्ड सेक्शन ऑफिसर. माणूस देव आहे, पण नोकरीत असताना त्यांच्या टेबलावरून फाइल पुढे सरकली की ऑफिसात पेढे वाटायचे. ते निरोप देणार, आणि मी सपोर्ट स्टाफ?

"आई यार, ऐक तरी. या पेशी नसतील तर चेतापेशी उपाशी मरतील. रक्तातलं खाणं त्यांच्यापर्यंत याच पोचवतात. निरोप ज्या तारेतून जातो तिला गुंडाळून ठेवतात, म्हणून तो इतका जोरात धावतो. आणि दोन पेशींच्या मधे निरोपाचं जे रसायन सांडतं ना, ते उचलतात."

"म्हणजे खायला घालायचं, पांघरूण घालायचं आणि सांडलेलं उचलायचं."

"बिल्कुल."

"आणि नाव चेतापेशीचं."

"पूर्वी होतं. आता लोक यांच्यावरच काम करतायत. मीसुद्धा."

म्हणजे बघा, पोरगी एवढी शिकली आणि शेवटी संशोधन कोणावर? माझ्यावर. त्या दिवशी मी ताठ मानेने पोळ्या लाटल्या.

खेळ सोपा होता. दोन चेतापेशी समोरासमोर बसणार, मधे एक टेबल. टेबल म्हणजे त्या दोघींमधली फट. मेश्राम काका निरोप म्हणून त्यावर बुंदीचे लाडू ठेवणार. समोरची पेशी एक लाडू उचलणार आणि हात वर करणार. हात वर गेला की मागच्या लेझीमवाल्या मुली एक ठेका देणार. आणि उरलेले लाडू मी झटकन डब्यात भरायचे. टेबल रिकामं, निरोप संपला, सगळं शांत.

"लाडू उचलायचे, डब्यात टाकायचे. बोलायचं नाही," प्रज्ञाने बजावलं.

समोरची चेतापेशी म्हणून प्रज्ञाचे बाबा बसणार होते, पण ऐन कार्यक्रमाच्या वेळी ते ऑफिसातच अडकले. तर मॅडम स्वतः उठल्या. "चलो, मैं बैठ जाती हूँ," म्हणाल्या. आणि बसल्याच.

आता इथे मला समजून घ्या. मी अमरावतीची. आमच्याकडे पंगतीत पाहुण्याने ताटावर हात आडवा धरला, तर माझी आई बोटांच्या फटीतून वाढायची. अशा घरातल्या बाईसमोर पहिल्यांदा आलेली पाहुणी एक लाडू उचलते, आणि ही बाई बाकीचे तिच्या डोळ्यांदेखत डब्यात भरते? माझा हात पुढे जाईना.

गेला तेव्हा लाडूच घेऊन गेला. "मॅडम, एक और लीजिए ना."

मॅडमना वाटलं, हेही खेळातलंच आहे. त्यांनी घेतला, हात वर. लेझीम छम्म. मला हुरूप आला. "एक और." हात वर, छम्म. पाहुणी घेतेय म्हटल्यावर मेश्राम काकांनाही चेव चढला. आयुष्यात पहिल्यांदा त्यांच्याकडून माल भराभर पुढे यायला लागला.

"बस जी, बस," मॅडम हात वर करत म्हणाल्या.

"अरे, आपने तो कुछ लिया ही नहीं."

मॅडमचा हात गच्च गर्दीत बस थांबवायला करतात तसा खालीवर, खालीवर. मांडीवर लाडवांची रास. मागच्या मुलींचा ठेका सुटला, रांग मोडली, नुसता खणखणाट. लोक टाळ्या वाजवतायत, त्यांना वाटलं हीच मेंदूची कमाल.

"आई, उचल ते लाडू," प्रज्ञा दात आवळून म्हणाली.

"अगं, पाहुण्या आहेत त्या."

माइक चालू होता. हे सगळ्या हॉलने ऐकलं.

प्रज्ञाने टेबलच उचलून बाजूला नेलं. एकदम शांतता. पोरीचा चेहरा पांढराफटक, मॅडम धापा टाकतायत, माझ्या हातात एक लाडू तसाच. वाटलं, पोरीच्या वर्षभराच्या मेहनतीवर मी बुंदी सांडली.

आणि मग तिने माइक घेतला. "हे आत्ता झालं ना, हे मेंदूत खरंच होतं," ती म्हणाली. "आधारपेशींनी सांडलेलं उचललं नाही, तर पुढची पेशी थांबतच नाही. भडकत राहते. काही लोकांना फिट येते तेव्हा असंच काहीसं चालू असतं. फार वेळ चाललं तर पेशी मरून जाते. मॅडमना विचारा."

मॅडमनी नुसती मान हलवली. बोलायला श्वास नव्हता.

काय टाळ्या पडल्या सांगू. दिल्लीत वाढलेली माझी मुलगी, मराठीत अडखळते म्हणून मी तिला रोज टोकायची, ती भरल्या हॉलला मेंदू समजावत होती. मी पदराने डोळे पुसले. बुंदी डोळ्यात गेली ती वेगळी.

स्टेजवरून खाली उतरल्यावर मॅडम कुर्ता झटकत म्हणाल्या, "प्रज्ञा, स्कूलों में बिल्कुल ऐसे ही करना. और आंटीजी को ज़रूर लाना."

मी फुगले. "सपोर्ट सेल के लिए ना?"

"नहीं जी, वो तो कोई भी कर लेगा. आप बीमारी हैं."

तर सध्या आम्ही मायलेकी फिरतो. फरिदाबाद झालं, गुडगाव झालं. ती मेंदू, मी आजार. परवा नोएडाच्या शाळेत पुढच्या बाकावरच्या एका छोट्या मुलीने विचारलं, "दीदी, इसका इलाज क्या है?"

प्रज्ञाने माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाली, "अभी तक तो नहीं मिला."

तोवर मी त्या मुलीच्या हातावर दुसरा लाडू ठेवलासुद्धा होता.