चुकेल त्यानं फेरा मारायचा

"आधी श्वास सोड गो बाय, मंग बोल."

तोंडात दोन टाचण्या धरून, मशीनवरचा हात न उचलता, भाभी हे मला रोज ऐकवायची. मी ऑफिसातून धापा टाकत जिने चढून यायचे, गॅसवाला येऊन गेला का एवढंच विचारायचे, आणि उत्तराऐवजी हे! तुमच्याही शेजारी असं एखादं माणूस असेलच. त्याचं म्हणणं खरं असतं, आणि म्हणूनच ते ऐकून डोकं फिरतं.

शारजाला रोल्ला चौकाच्या मागच्या गल्लीत आम्ही दोन कुटुंबं एका फ्लॅटमध्ये राहायचो. एक खोली आम्हा नवराबायकोची, एक भाभीच्या कुटुंबाची. हॉल आणि किचन दोघांचं. भाभी रत्नागिरीकडच्या खाडीकाठची. तिचा नवरा, आमचे भाई, बंदरावर फोरमन. ती घरी बसून अबाये आणि शाळेचे युनिफॉर्म शिवायची. टीव्ही तिचा होता, आणि सगळा घोळ त्या टीव्हीनं केला.

एका वादळात गच्चीवरची डिश फिरली. वॉचमन म्हणाला, "इन्शाल्ला, कल ठीक करेगा." तो कल काही उगवला नाही. हिंदी चॅनल गेले आणि कुठलंतरी जर्मन चॅनल दिसायला लागलं. त्यावर सिनेमा लागला की भाई "तोबा तोबा" म्हणत टीव्ही बंद करायचे. एकाच कार्यक्रमाला त्यांची हरकत नव्हती. पाठीला बंदूक लावून बर्फावरून घसरत जाणारी माणसं. भाईंनी नीट निरखून निकाल दिला, "हे चालंल. सगळी अंगभर कपड्यात हायत."

या खेळाला बायथलॉन म्हणतात हे भाभीच्या मुलीनं सांगितलं. ती तेव्हा एका डेंटल क्लिनिकमध्ये रिसेप्शनिस्ट होती. जीव खाऊन पळायचं, मग एकदम थांबून, धडधडत्या छातीनं पाच ठिपके उडवायचे. नेम चुकला की बाजूच्या रिंगणात एक जादा फेरा, मग पुढे. भाभीनं बर्फ पाहिलेला तो मासळीच्या पेटीतला. पण हा खेळ तिच्या अंगात भिनला. शर्यत चालू असताना गिऱ्हाईक आलं तर ते दारात उभं राहायचं. माझ्या भावाच्या लग्नाचा ब्लाउज अशाच एका शर्यतीपायी अर्धवट राहिला आणि मी तो पिना लावून घातला.

हेही सोसलं असतं. पण मार्चमध्ये सीझन संपला की शुक्रवारी जेवणानंतर भाभी हॉलमध्ये चटई टाकायची, चहाचा थर्मास मध्ये ठेवायची आणि एकेका देशाचा आढावा घ्यायची. शुक्रवार हा माझा कपडे धुण्याचा एकुलता एक दिवस.

"जर्मनी. हात थिर. पण मिजास."

"भाभी, माझे कपडे भिजलेत."

"भिजूंदे. नॉर्वे. अल्लानं पाय दिले, पण बंदुकीजवळ आली की घाई. कोच काय करतो? त्याला कोण विचारीत नाय?"

तळाच्या देशांवर मात्र ती कधी रागावली नाही. "शेवटपर्यंत आली ना? मंग?" म्हणायची आणि कपात चहा ओतायची.

एकदा मी वैतागून म्हटलं, "तुम्ही काय म्हणता यानं त्या नॉर्वेला काय फरक पडतो?"

"त्यांना नसंल पडत. आपण बघितलं ना? बघितलं तर बोलायला नको?"

मी बादली उचलून बाथरूममध्ये गेले.

मी शिपिंगच्या एका ऑफिसात होते. तिथं श्रीवर्धनकडचा एक मुलगा होता. शांत, कामाला चोख, घर दुबईत देराला. भाभीच्या मुलीसाठी मीच त्याचं नाव काढलं. फोटो दाखवले, दोन्हीकडे फोन केले, दिवस ठरवला. भाभीनं सांदणं वाफवली, मी मटणाला हातभार लावला. मुलीनं नवा ड्रेस घातला, तीनदा ओढणी बदलली. फोटो तिला आवडलाय हे मला कळत होतं.

मंडळी खूप उशिरा आली. सांदणं गार झाली. मुलगा हसत म्हणाला, "सॉरी हां, ह्याच्यामुळं लेट झालो. ह्याला तयार व्हायलाच टाइम लागतो." आणि धाकट्या भावाच्या पाठीत एक थाप मारली. भाऊ खाली मान घालून बसला. बाकी सगळं छान झालं. त्याची आई कमीच बोलली, कमीच जेवली, पण जाताना मुलीच्या डोक्यावर हात ठेवून गेली.

दार लागलं आणि भाभी म्हणाली, "नको."

"काय नको?"

"हा पोरगा नको. चार लोकांत सख्ख्या भावावर ढकललान. उद्या माझ्या पोरीवर ढकलील. चुकंल त्यानं आपला फेरा मारावा."

"भाभी, ही काय शर्यत आहे?" मी ओरडलेच. भाईंनी समजावलं. मुलगी खोलीच्या दारात उभी होती. "मम्मी, यू डिडन्ट ईव्हन आस्क मी!" म्हणाली आणि दार आपटून आत गेली.

पुढचे कित्येक महिने ऑफिसात त्याच्या टेबलावरून जायला नको म्हणून मी फोटोकॉपी मशीनकडे वळसा घालून जायचे. त्यानं मात्र एका शब्दानं विचारलं नाही.

उन्हाळ्यात मला रोल्लाच्या एका दवाखान्यात त्याची आई भेटली. शुगर तपासायला आली होती. इकडचं तिकडचं बोलून झाल्यावर म्हणाली, "त्यांना आमच्यात काय खटकलं, कळलं नाय. त्या दिवशी मला गाडीत उलटी झाली. सगळे कपडे खराब. परत घरी जाऊन बदलून आलो. थोरला बोलला, पहिल्यांदा जातो त्या घरात, तुझं नाव नको निघायला. धाकटा बोलला, माझं सांग."

मी घरी येऊन भाभीला सगळं सांगितलं. मशीन थांबलं. तिनं तोंडातल्या टाचण्या काढून मशीनवरच्या छोट्या उशीत खोचल्या.

"त्याचं जमलं कुठं?"

"साखरपुडा झाला. महाडची मुलगी आहे."

शुक्रवारी दुपारी बघते तर भाभी बुरखा घालून तयार. भाई म्हणाले, "आता कशाला? खलास झाला तो विषय."

"तुमचा झाला असंल. चूक माझी हाय."

मलाही हे पटत नव्हतं. बिचाऱ्यांचं छान जमलेलं असताना जुनं उकरायला कशाला जायचं? पण एकटीला देराचा पत्ता सापडणार नव्हता. ऑगस्टच्या उन्हात, एसी बंद पडलेल्या टॅक्सीत, मी तिला आणि स्वतःला शिव्या देत गेले.

ती तिथं बसलीसुद्धा नाही. उभ्यानंच म्हणाली, "बाय, तुमच्या पोराला मी वाईट समजले. त्याच्यात काय खोट नव्हती. तुमच्या तोंडावर सांगायला आले."

मुलगा आतून बाहेर आला. भाभीनं तेच त्यालाही सांगितलं. त्याचे कान लाल झाले. "राहू दे ना, आंटी, प्लीज."

"आता बोलून काय होणार?" त्याची आई म्हणाली.

"काय नाय होणार. पण सांगायला पाहिजे होतं."

ती बाई उठून आत गेली. मला वाटलं, आता निघालेलं बरं. पण ती सरबताचे ग्लास घेऊन आली, आणि भाभीला दंडाला धरून सोफ्यावर बसवलं. मग दोघी शुगरच्या गोळ्यांवर बोलल्या.

घरी आल्यावर भाभी मुलीला म्हणाली, "तुला विचारायला पाहिजे होतं."

"येस. यू शुड हॅव." एवढंच. महिनोन्महिने दोघींत कामापुरतं बोलणं चाले. मध्ये मी. मीठ कुठाय हेसुद्धा माझ्यामार्फत!

मार्च आला. चटई पडली, थर्मास आला, मी बादलीतले कपडे सोडून येऊन बसले. भाभी "जर्मनी" म्हणाली आणि थांबली. मग दाराशी उभ्या मुलीकडे बघून म्हणाली, "तू सांग."

"व्हाय मी?"

"तूच सांग. तू पण बघितलंस ना?"

मुलगी चटईच्या कडेवर बसली आणि इंग्रजीत सुरू झाली. भाभीला निम्मं कळत होतं. जर्मनीवरून दोघींचं जे वाजलं, ते ऐकून भाई मशिदीतून आले ते परत खाली गेले. संध्याकाळ झाली. माझ्या कपड्यांना बादलीतच वास यायला लागला, पण मी उठले नाही.

पुढच्या वर्षी मुलीनं आपल्या पसंतीचा मुलगा घरी आणला. भाभीनं त्याला एकही प्रश्न विचारला नाही. विचारायचे दहा प्रश्न तिच्या ओठांत टाचण्यांसारखे दाबलेले मला दिसत होते. लग्न झालं, मुलगी अबुधाबीला गेली. भाई निवृत्त झाले आणि दोघं कायमची गावी निघाली.

विमानतळावर माझा नवरा आणि मी सोडायला गेलो. ढीगभर सामान, भाई घामाघूम. पासपोर्टच्या रांगेत बराच वेळ उभी राहून भाभी खिडकीशी पोचली आणि एकदम रांग सोडून उलटी आमच्याकडे यायला लागली. भाई हाका मारताहेत, मागचे लोक ओरडताहेत, एक पोलीस "यल्ला, यल्ला" करतोय. भाभी शांतपणे दोरीपर्यंत आली.

"तुझ्या नवऱ्याच्या निळ्या शर्टाचं बटण लावायचं राहिलं गो."

"भाभी, जा! विमान सुटेल!" मी अक्षरशः किंचाळले.

तिनं माझा हात एकदा घट्ट दाबला आणि गेली.

घरी आलो. हॉल रिकामा होता. मी कपाट उघडून निळा शर्ट काढला आणि उजेडात धरला. सगळी बटणं जागच्या जागी होती.