आईच्या खुर्चीत

नवऱ्याला सांगितलं नाही, मुलांना नाही, आणि ज्या दोघींना सांगायला हवं होतं त्यांना तर नाहीच. वर्तमानपत्रात नोकरी केली. दुसऱ्यांचा खोटेपणा छापताना हात अडखळला नाही. ही एक हकीकत मात्र राहिली. ती तुम्हाला सांगते.

साल एकसष्ट. माझी धाकटी बहीण शालू हेन्रीशी लग्न करत होती. हेन्रीचं कुटुंब चिनी, पण तो जन्मानं बंगळूरचा – कंटोन्मेंटमध्ये खाली त्याच्या वडिलांचं बुटांचं दुकान, वर घर. वडिलांनी, म्हणजे आमच्या अण्णांनी, शालूचं नाव घरात काढायचं नाही असं बजावलं होतं. ती मैत्रिणीकडे राहायला गेली. घरातून तिच्याकडे जायची ती मी एकटी. ‘अक्का, तू नसतीस तर माझं काय झालं असतं गं,’ असं ती म्हणायची. ते ऐकायला मला आवडायचं. किती आवडायचं, हे तेव्हा कळत नव्हतं का? कळत होतं.

हेन्रीच्या लोकांत लग्नाच्या सकाळी नवरी गुडघे टेकून वडीलधाऱ्यांना चहा देते. त्यांनी तो प्यायला की नातं मान्य झालं. हेन्रीच्या आईनं शालूच्या आईसाठीही एक खुर्ची ठेवली होती. मला आदल्या दिवशी म्हणाली, “माँ नईं आई तो बड़ी बहन बैठेगी. खुर्ची खाली नईं रखने का.”

त्या सकाळी अण्णा मठात गेले होते. मी निघाले, तर फाटकाशी आई उभी – रेशमी लुगडं नेसून. माझ्याबरोबर टांग्यात चढली. दुकानाच्या कोपऱ्यावर तिनं टांगा थांबवला.

“मी इथंच बसते. तिला विचार. ये म्हणाली, तर खिडकीतून हात कर. तिला नको असताना वर गेले, तर तिच्या चांगल्या दिवशी तमाशा व्हायचा.”

मी वर गेले. खोलीत चामड्याचा आणि खळीचा वास. नवरीचा लाल साटीनचा पोशाख हेन्रीच्या बहिणीचा होता, शालूला खांद्यात सैल. मी तो आतून टाचत होते. हेन्रीची मावशी तिचे केस विंचरत होती. शालू हातातल्या हिरव्या बांगड्या काढेना, तेव्हा मावशी हसली, “लाल के ऊपर हरा? तोता दिखती तू!” शालूही हसली. मग आरशातून माझ्याकडे बघत तिनं विचारलं, “अक्का, आई काही म्हणाली?”

माझ्या तोंडात टाचण्या होत्या. खिडकी हाताच्या अंतरावर होती. मी टाचण्या काढल्या आणि म्हणाले, “नाही गं. ती नाही यायची.”

ठरवून बोलले का? नाही. कुणाला भ्याले होते? नाही. आई वर आली असती तर शालू तिच्या गळ्यात पडली असती, आणि मी – मी टाचण्या घेऊन बाजूला उभी राहिले असते. एवढंच.

टांग्यात पिशवी राहिली असं सांगून मी खाली गेले.

“ती नको म्हणते,” मी आईला म्हणाले.

“रडली का?”

“नाही.”

“सरी. बरं,” आई म्हणाली, आणि तिनं टांगेवाल्याला टांगा वळवायला सांगितलं.

वर जाऊन मी त्या खुर्चीत बसले. शालू गुडघ्यांवर बसली, दोन्ही हातांनी तिनं कप पुढे केला. चहात लाल खजूर होते. मी सगळा प्यायले.

पुढच्या वर्षी चीनशी युद्ध झालं. हेन्रीच्या घरच्यांना पोलीस ठाण्यात हजेरी द्यावी लागे, दुकानात गिऱ्हाईक येईना. ते आधी कलकत्त्याला गेले, मग कॅनडाला. सगळं युद्धावर ढकलता येईल – पण लग्न आणि युद्ध यांच्यामध्ये कितीतरी महिने होते, आणि दोन्ही घरं एकाच बसच्या रस्त्यावर. मी दोन्हीकडे जात होते. दोन्हीकडे जेवत होते. तोंड उघडलं नाही. आईला वाटत राहिलं, ‘शालूला मी नको.’ शालूला वाटत राहिलं, ‘आईला मी नको.’ मग कोण कुणाला लिहिणार?

शालू अजून तिकडेच असते. फोनवर कधी लग्नाचा विषय निघाला की म्हणते, “तू तरी होतीस, अक्का.” मी “हो” म्हणते.

आई गेली ती आमच्याच घरी. शेवटच्या आजारात एका दुपारी मी तिचे पाय चेपत होते. छताकडे बघत ती म्हणाली, “त्या दिवशी मी वर जायला हवं होतं. नको म्हणाली तरी. पोरीचा राग असतो, आईनं तो धरायचा असतो का? माझंच चुकलं.”

मी ऐकलं. पाय चेपत राहिले.