ढ मुलांची तालीम

तमाम पालक, शिक्षक, शिपाई आणि आवारात चरणाऱ्या बकऱ्या यांना अत्यंत गांभीर्यपूर्वक कळविण्यात येते की, आपल्या शाळेतील ढ मुलांची संख्या यंदा कोणत्याही परिस्थितीत कमी होता कामा नये.

ही घोषणा कुणी फळ्यावर लिहिली नव्हती. आमच्या हेडमास्तरांनी ती मला एकट्याला, कपाटाला कुलूप लावता लावता ऐकवली. पण आवाज असा लावला होता की मी नकळत उठून उभा राहिलो.

सत्तर सालानंतरची दोन-चार वर्षं असतील. जरीपटका वस्तीच्या पलीकडे, रेल्वेच्या रुळांना लागून आमची कौलारू प्राथमिक शाळा होती. वर्गातली निम्मी मुलं आज आहेत, तर उद्या धाकटं भावंड सांभाळायला किंवा हॉटेलात कपबशा विसळायला गेलेली. अशा मुलांनी अभ्यासात मागे पडून शाळा सोडू नये म्हणून सरकारने मागे पडलेल्या मुलांमागे अनुदान सुरू केलं. शाळा सुटल्यावर एक तास जादा शिकवणी, पाट्या-पुस्तकं, गणवेशाचं कापड, आणि पालकांनी येऊन लेकराची प्रगती डोळ्यांनी पाहावी म्हणून वर्षातून दोन सभा. सभेला येणाऱ्या पालकांसाठी चहा-फराळाचीसुद्धा तरतूद. तो कागद वाचला तेव्हा, खरं सांगतो, सरकारबद्दल मला प्रेम वाटलं होतं.

जादा तास घ्यायला मला नेमलं. वय बावीस, गणपतीत नाटकं बसवायची खाज, आणि शिकवण्याचा नवा उत्साह. त्या उत्साहानेच घात केला. चार-सहा महिन्यांत मुलं वाचायला लागली.

हेडमास्तरांना हे कळलं तेव्हा ते तंबाखू मळत होते. त्यांच्या तळहातावर चुन्याचा कायमचा पांढरा डाग होता आणि त्याच हाताने ते मुलांचे गाल कुरवाळत. खिडकीतून थुंकायची त्यांची पद्धत अशी, की बाहेर मुलींनी लावलेली मेथी त्या भिंतीकडच्या बाजूला तांबडीच उगवायची. अनुदान आल्यापासून त्यांच्या खोलीत फिरती खुर्ची आली होती, डोक्यावर पंखा आला होता. मुलांच्या पाट्या त्या कुलपातल्या कपाटात होत्या, फुटू नयेत म्हणून.

"ढ मुलं संपली की अनुदान संपलं," ते म्हणाले, "आणि अनुदान संपलं की तुमची नेमणूक संपली. पुढच्या महिन्यात डिप्टीसाहेब तपासणीला येताहेत. पालकांसमोर एकेका मुलाला वाचायला लावतील. मुलं अडखळली पाहिजेत. तुम्ही नाटकवाले ना? बसवा."

मी बसवलं. आजही ही हकीकत मी रंगवून सांगतो, लोक पोट धरून हसतात, आणि घरी आल्यावर मला तोंड धुवावंसं वाटतं. पण त्या वेळी मात्र मला मजा येत होती. तालमी रंगल्या. कुठल्या शब्दावर थांबायचं, डोकं कधी खाजवायचं, 'घ' पाहिल्यावर 'ध' म्हणायचं की गप्प राहायचं, सगळं ठरलं. एक पोरगं इतकं रंगात आलं की पहिल्याच ओळीला चक्कर येऊन पडायला लागलं. त्याला आवरावं लागलं. दुसऱ्या एकाला खरोखरच काही येत नव्हतं. त्याला मी नमुना म्हणून पुढे बसवला आणि बाकीच्यांना त्याच्याकडे बघून शिका म्हणालो. महिनाभर तोच धडा रोज कानावर पडून पडून तो नमुनाच एके दिवशी घडाघडा वाचायला लागला. हेडमास्तरांना खरं दुःख झालं. एक अस्सल होता, तोही तुम्ही बिघडवला, म्हणाले.

सर्वांत चांगली अडखळायची ती तिसरीतली एक मुलगी. खरं म्हणजे माझ्या तासाला सर्वांत चांगली वाचणारीही तीच. पुड्यांचे कागद, सिनेमाच्या जाहिराती, दिसेल ते वाचायची. तिला शिकवलेलं सगळं ती मन लावून करायची, त्यामुळे न वाचणंही ती मन लावून शिकली.

सभेच्या दिवशी सर्वांत आधी आली ती तिची आई. बिड्या वळणारी बाई. दिवसाचं काम बुडू नये म्हणून सूप सोबतच आणलेलं. त्यात तेंदूची कापलेली पानं आणि तंबाखू. व्हरांड्यात बसल्या बसल्या तिची बोटं चालू झाली. मला पाहून म्हणाली, "मास्तर, माह्या सासऱ्यानं दीक्षा घेतली तवाच सांगतलं होतं, नातवंडं शिकले पाहिजेत. म्हणून धाडतो हिले शाळेत. पण आता माह्या एकटीच्यानं होऊन नाही राहिलं."

मी म्हटलं, पोरगी हुशार आहे.

"घरी तं भडाभडा वाचते. पण वाचते का पाठ म्हणते, मले का समजते? मले तं अक्षर येत नाही." तिने एक बिडी दोऱ्याने बांधली. "आज साहेबासमोर वाचन ना? साहेब हो म्हणन तं शिकन पोरगी. नाही तं उद्यापासून माह्यासंग पानं कापन."

मी काय करायला हवं होतं हे सांगायला आता मोठा शहाणपणा लागत नाही. मुलगी दहा पावलांवर उभी होती. तिला बाजूला घेऊन एक वाक्य सांगायचं होतं, पोरी, आज नीट वाच. पण हेडमास्तर दारात उभे होते, आणि मला नोकरी होती. मी सतरंजी झटकायला गेलो.

डिप्टीसाहेब अकराला आले. पालक सतरंजीवर, साहेब फिरत्या खुर्चीवर. पालकांच्या फराळासाठी आणलेले आलुबोंडे साहेबांच्या टेबलावर ठेवले होते आणि ते तिथून खाली कधीच उतरले नाहीत. वास मात्र सगळ्यांना पोचत होता. साहेब खाता खाता मुलांची नावं पुकारत होते. तेलाची बोटं ते वहीच्या कडेला पुसत. हेडमास्तर शेजारी उभं राहून रश्श्याची वाटी पुढे सरकवत होते आणि हलक्या आवाजात सांगत होते की या वस्तीत पालकांनाच शिक्षणाची आवड नाही, आम्ही तरी किती करणार. एक मुलगा अडखळला, दुसरा अडखळला, तिसऱ्याने डोकं खाजवलं. माझा प्रयोग उत्तम चालला होता.

मग तिची पाळी आली. पुस्तक हातात घेऊन तिने आधी आईकडे पाहिलं, मग माझ्याकडे. तालमीत ठरलेलंच होतं, सुरुवातीला माझ्याकडे बघायचं. मी मान हलवली. इतकंच. आयुष्यात मी बऱ्याच ओंगळ गोष्टी पाहिल्या, पण माझ्या त्या मानेइतकी ओंगळ दुसरी नाही.

ती अडखळली. अप्रतिम अडखळली. पहिल्या शब्दावर थांबली, दुसऱ्यावर गप्प झाली, पुस्तक खाली केलं. साहेबांनी समाधानाने हुंकार भरला आणि वहीत सावकाश, टपोऱ्या अक्षरात दोन ओळी लिहिल्या.

सुपातली बोटं थांबली होती. बाई उठली, सूप कमरेवर घेतलं, पुढे येऊन मुलीचा हात धरला. रडली नाही, रागावली नाही. "चाल वं," म्हणाली, "झालं तुह्यं."

मुलगी जागची हलली नाही. आई खरंच निघाली आहे, हे तिला तेव्हा कळलं असावं. तिने हात सोडवून घेतला. "थांब नं माय," म्हणाली, आणि साहेबांच्या टेबलाशी जाऊन त्या उघड्या वहीवर बोट ठेवलं. शाई अजून ओली होती.

"सदर विद्यार्थिनीस अक्षरओळखही नाही," तिने वाचलं. एका दमात, स्वच्छ, सतरंजीच्या शेवटच्या टोकाला ऐकू जाईल असं. पुढच्या ओळीवर बोट सरकलं. "पालकांची अनास्था दिसून आली." मग मान वर करून मला विचारलं, "अनास्था म्हंजे का, गुरुजी?"

साहेबांचा अर्धा आलुबोंडा हातात तसाच राहिला.

बाईने मुलीकडे पाहिलं नाही. ती साहेबांच्या चेहऱ्याकडे पाहत होती. वाचता न येणाऱ्या माणसाला एवढाच पुरावा असतो. तिने विचारलं, "हे तिथं असंच लिहून हाये का, साहेब?"

साहेबांनी वहीकडे पाहिलं, हेडमास्तरांकडे पाहिलं, आणि घोगऱ्या आवाजात म्हणाले, "हो."

"मंग शिकन पोरगी," ती म्हणाली, आणि सूप मांडीवर घेऊन परत सतरंजीवर बसली.

साहेब वही मिटून हळूहळू हेडमास्तरांकडे वळले. हेडमास्तरांच्या तोंडातली तंबाखू कुठल्या कुठे गेली होती. त्यांनी दोन्ही हात जोडले आणि सगळ्या पालकांदेखत त्यांच्या तोंडून निघून गेलं, "साहेब, देवाशपथ सांगतो, सकाळपर्यंत हिला एक अक्षर येत नव्हतं."