बंदीच्या काळातलं शहाळं

आई गेल्यापासून बाबा चार शब्दांवर आले होते : हो, नको, बघू आणि झोपतो.

आईला जाऊन पाच महिने झाले होते. बाबांना वेंगुर्ल्याहून इथे परदेशात, बुकित बातोकच्या आमच्या फ्लॅटवर आणलं, त्यालाही महिना होत आला. येत्या गुरुवारी त्यांचा इथे राहण्याचा पास संपणार आणि ते त्या रिकाम्या घरात एकटे परतणार. तिथे तर ‘नको’ म्हणायलाही समोर कोणी नव्हतं! जाण्याआधी त्यांनी एकदा मोकळेपणी बोलावं, एवढंच मला हवं होतं. नाहीतर हा माणूस आपल्याला पुन्हा दिसणार नाही, अशी भीती मला सारखी वाटायची.

बाबांना आयुष्यात नाद एकच, गरवायला जायचा. (म्हणजे दोरीला गळ, म्हणजेच गरी, बांधून मासे धरायचा. बायको पुण्याची, तिलाही हे लग्नानंतर समजावून सांगावं लागलं.) मी दोरी, गळ, कोळंबी सगळं आणलं. तांजोंग पगारच्या एका बँकेत मी कम्प्लायन्समध्ये आहे. लोक नियम पाळतात की नाही हे बघणं हीच माझी रोजीरोटी. मासे कुठे धरायचे, कुठे नाहीत, सगळं छापून खिशात घातलं आणि शनिवारी सकाळी बाबांना परवानगी असलेल्या जेट्टीवर उभं केलं.

बाबांनी समुद्राकडे पाहिलं आणि पाच महिन्यांतलं पहिलं अख्खं वाक्य बोलले.

"नारळी पुनव झाली नाही अजून. मी गरी टाकणार नाही."

"बाबा, तो आपल्याकडचा नियम! इथे सीझन वगैरे नसतो."

"इथल्या माशांच्या पोटात अंडी नसतात?"

"असतात ना, बारा महिने!"

"मग बारा महिने बंदी हवी."

बँकेतल्या सवयीने मी लगेच नियमातली पळवाट शोधली.

"पण नारळ दिला की बंदी उठते ना? आजच देऊ!"

"तुझी आई द्यायची," बाबा म्हणाले आणि समुद्राकडे पाठ करून उभे राहिले. मी धावत कोपऱ्यावरच्या दुकानात गेलो. नारळ नव्हता. प्लास्टिकमध्ये गुंडाळलेलं, थंडगार शहाळं होतं. (सोबत स्ट्रॉ.)

"हे शहाळं आहे," बाबा म्हणाले.

"मोठं झाल्यावर त्याचा नारळच होणार होता!"

प्लास्टिक काढलं, हात जोडले आणि दिलं फेकून. शहाळं तरंगत तरंगत थेट शेजारच्या चिनी अंकलच्या दोरीत जाऊन अडकलं.

"अय्यो! माय लाइन, लाह!"

ते ओढून घ्यायला मी बाबांची गरी टाकली. (म्हणजे बंदीही मोडली!) शहाळं हललं नाही, पण दोन दोऱ्यांचा असा गुंता झाला की अंकल आणि मी एकमेकांना बांधल्यासारखे उभे. तेवढ्यात गणवेशातला अधिकारी आला.

"सर, हू थ्रो धिस वन?"

मी खिशातले कागद काढले. "यात नारळाबद्दल काहीही लिहिलेलं नाही," असं इंग्रजीत ठासून सांगितलं. त्याने मला शांतपणे बाजूला सरकवलं. मी जेट्टीवरच्या नियमांच्या पाटीलाच टेकून उभा होतो. पाटीवरची पहिलीच ओळ : समुद्रात काहीही फेकू नये. त्याने वही काढून माझं नाव लिहून घेतलं.

"माय सन," बाबा त्याला म्हणाले. "व्हेरी एज्युकेटेड. नो सेन्स."

बसमध्ये मी बाबांच्या शेजारी बसायला गेलो, तर म्हणाले, "उभा राहा." मग त्या रिकाम्या सीटकडे वळून बोलू लागले.

"ऐकलंस का गं? तुझ्या दिवट्याने आज समुद्राला शहाळं दिलं. शहाळं!"

ते बुकित बातोकपर्यंत थांबले नाहीत. पहिलीत मी पाटी कशी हरवली होती, इथवर पोचले. मी दांड्याला धरून रडत होतो आणि हसतही होतो. आई नेहमी माझी बाजू घ्यायची. बाबा माझ्याबद्दल दुसरं वाक्य बोलायच्या आत त्यांना गप्प करायची.

त्या दिवशी तिने त्यांना एकदाही अडवलं नाही!