अब्बांची बदली घरी झाली

अब्बा गेले, त्याच्या दुसऱ्या दिवसापासून घरात किस्से जमायला लागले. भेटायला आलेला माणूस आधी गप्प बसायचा, चहाला नाही म्हणायचा, मग हळूच सुरू व्हायचा, "तुले सांगतो शबाना, एकदा तुह्ये अब्बा..." मुकुटबनमध्ये शेतकरी पुष्कळ, मास्तर पुष्कळ, पण नेव्हीत जाऊन आलेला माणूस आमच्या आळीत एकच. त्यामुळे समुद्राचा कुठलाही किस्सा फिरून फिरून अब्बांच्याच नावावर! काहींच्या तर तीन-तीन आवृत्त्या निघाल्या. खरी कोणती, हे विचारायला आता माणूस नाही. म्हणून मला जे खात्रीनं माहीत आहेत, तेवढेच सांगते.

*

जहाजाच्या इंजिनरूममध्ये वर्षानुवर्षं काम करून अब्बांचा डावा कान गेला होता. आपण कुजबुजतोय असं त्यांना वाटायचं, तेव्हा ते शेजारच्या गल्लीत ऐकू जायचं.

एका जुम्म्याला मशिदीत बयान जरा लांबलं. अब्बांनी शेजारच्याच्या कानाशी जाऊन "हळूच" विचारलं, "कब खतम होगा? मेरी दाल गॅस पे है!"

शेवटच्या रांगेपर्यंत पोचलं. मौलाना थांबले. हसू दाबत म्हणाले, "चलिए, रशीदभाई की दाल जलने से पहले खतम करते हैं."

घरी स्वयंपाक अब्बाच करायचे. का, ते पुढे येईलच.

*

माझा जन्म झाला तेव्हा अब्बा जहाजावर होते. सुट्टी मिळून घरी आले तेव्हा मी रांगायला लागले होते. फुप्पी, म्हणजे अब्बांची मोठी बहीण, सांगायची, अब्बा दारातून आत आले, बॅग टाकली, मला उचललं, आणि मी अशी किंचाळले की शेजारचे धावत आले. दाढीवाला, उंचापुरा, अनोळखी माणूस! अम्मीला वाईट वाटलं. ती मला पुन्हा पुन्हा त्यांच्याकडे द्यायची, मी पुन्हा पुन्हा रडायची.

"राहू दे," अब्बा म्हणाले. "जबरदस्ती नको करू."

मग रोज ते ओसरीवर जाऊन बसायचे, माझ्याकडे पाठ करून. तोंड दिसलं की मी घाबरते ना! तसेच पाठमोरे बसून अम्मीशी बोलायचे, कांदे चिरायचे, रेडिओ ऐकायचे. सुट्टी संपत आली. एक दिवस मी रांगत गेले आणि मागून त्यांचा शर्ट पकडून उभी राहिले.

फुप्पी म्हणायची, "तेरा बाप हिला भी नहीं. आँसू पोंछने को हाथ भी नहीं उठाया, कि तू डर जाएगी."

*

मी चौथीत असताना अम्मी गेली. नागपूरला ऑपरेशन झालं, त्यातून ती उठलीच नाही. तीजा-दसवा आटोपून पाहुणे पांगले, आणि शाळेत जायचा दिवस आला. माझे केस कंबरेपर्यंत. वेणी कोण घालणार?

अब्बांनी कंगवा घेतला. मला पुढ्यात बसवलं. बराच वेळ ओढाओढ चालली. मी शाळेत गेले.

खेळाच्या तासाला रिबीन सुटेना म्हणून बाईंनी मदत केली. मग दुसऱ्या बाई आल्या. मग दोघी मिळून. शेवटी हात टेकून म्हणाल्या, "अगं, कोणी घातली ही? ही वेणी नाही, जहाज बांधायचा दोर आहे!"

सगळा वर्ग हसला. मीही हसले. घरी येऊन अब्बांना सांगितलं. तेही खूप हसले. हसता हसता उठून मोरीत गेले, आणि नळ सोडून कितीतरी वेळ तिथेच उभे राहिले.

*

पेन्शनपुरती नोकरी झाली होती. अब्बांनी पुढची सोडली आणि गावी येऊन मोटारपंप दुरुस्तीचं दुकान टाकलं. फुप्पी वणीहून दुसऱ्या लग्नाचं स्थळ घेऊन आली. मुलगी चांगली होती, घर चांगलं होतं. अब्बांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं, फुप्पीला जेवू घातलं आणि म्हणाले, "आपा, मेरी बदली अब घर पे हो गई. यहाँ से कहीं पोस्टिंग नहीं चाहिए."

फुप्पीनं तो विषय परत काढला नाही.

*

आमच्या वावराला लागून बापूकाकांचं वावर. बापूकाका म्हणजे अब्बांचे पहिलीपासूनचे दोस्त. कापूस त्यांचा, विहीर त्यांची, आणि दर उन्हाळ्यात त्या विहिरीत पोहणारी मी. माझ्या कमरेला दोर, अब्बा पाण्यात, काठावर दुसरं टोक धरून बापूकाका.

मोहल्ल्यातले एक म्हातारे चाचा मुद्दाम वावरापर्यंत समजवायला आले. "रशीद, लडकी जात है. अच्छा नहीं लगता."

अब्बा पाण्यातूनच ओरडले, "चाचा, पानी पूछता है क्या, लडका डूब रहा है के लडकी?"

चाचा आले तसे गेले. बापूकाका काठावर हसून हसून लोटपोट. त्यांना स्वतःला पोहता येत नव्हतं, समुद्रही कधी पाहिला नव्हता. हसू ओसरल्यावर त्यांनी विचारलं, "रशीद, समुद्र कितीक मोठा असते बे?"

"पल्याडचा काठ दिसत नाही, एवढा."

"मंग जायचा कायले?"

अब्बांनी माझ्याकडे पाहिलं. मी नुकतीच दोर सोडून तरंगायला शिकले होते. म्हणाले, "हिच्यासाठीच न."

*

मला यवतमाळला शाळेत नोकरी लागली. अब्बा आणि मी एसटीनं गेलो, शहराच्या लोहारा भागात एक खोली बघायला. घरमालक फार मोकळे गृहस्थ. खोली दाखवली, गच्ची दाखवली, नळ सोडून दाखवला. "शिक्षिका म्हणजे आम्हाला बरंच," म्हणाले. चहा आला. मग त्यांनी विचारलं, "नाव काय म्हणालात?"

अब्बांनी सांगितलं.

घरमालकांना एकदम आठवलं की ही खोली त्यांनी पुतण्यासाठी ठेवली आहे. "विसरलोच बघा!" म्हणाले.

अब्बांनी चहा पूर्ण प्यायला, कप ट्रेमध्ये नीट ठेवला, "अच्छा आहे चहा," म्हणाले, आणि आम्ही निघालो.

बसस्टँडवर मला रडू फुटलं. त्यांच्या खिशात नेव्हीचं कार्ड होतं. मी म्हटलं, "दाखवलं का नाही तुम्ही? त्या माणसाला कळलं असतं तरी, कोणाशी बोलतोय ते!"

"दिखाता तो शायद मिल भी जाता," अब्बा म्हणाले. "लेकिन बेटा, वो घर कार्ड को मिलता. रहना तो तुझे था."

दुसऱ्या खोल्या पाहिल्या. चौथी मिळाली. परतीच्या बसमध्ये वणी येईपर्यंत अब्बा खिडकीबाहेर बघत होते.

*

मागच्या रमजानची गोष्ट. अब्बांच्या किडन्या थकल्या होत्या. डॉक्टरांनी बजावलं, रोजा अजिबात धरायचा नाही, पाणी प्यायचं, दुपारची गोळी चुकवायची नाही. इंजिनरूमच्या भट्टीतही ज्यांनी रोजा सोडला नाही, ते अब्बा! दुपारी गोळी घ्यायची वेळ झाली की ते पेला घेऊन भिंतीकडे तोंड करायचे, आणि तसेच प्यायचे.

मी म्हटलं, "अब्बा, बीमार को तो माफ है."

"उसने तो माफ कर दिया बेटा," ते म्हणाले. "मुझसे नहीं हो रहा."

बापूकाका तिथेच बसले होते. उठून गेले.

दुसऱ्या दिवशी सकाळच्या चहाला ते आलेच नाहीत. दिवसभर चहा आणि तंबाखूवर चालणारा माणूस! संध्याकाळी आले ते वावरातून थेट. ओठ सुकलेले, डोळे आत गेलेले. खाटेवर बसत म्हणाले, "सकाळपासून पाणी नाही घेतलं. तुह्या नावाचा धरला आज."

अब्बा ताडकन उठून बसले. "अबे बापू, रोजा दुसऱ्याच्या नावानं चालत नसते!"

"काहून?"

"नियम आहे तसा!"

"तू डॉक्टरच्या सांगण्यावरून पाणी पेते, ते चालते. अन् म्या माह्या मनानं नाही पेलो, ते चालत नाही?"

अब्बा हसायला लागले. हसत हसत त्यांचा चेहरा वाकडा झाला. अजान झाली. त्यांनी खजूर उचलला आणि बापूकाकांच्या तोंडात घातला.

दुसऱ्या दुपारी अब्बांनी गोळी घेतली, आमच्याकडे तोंड करून.

पावसाळ्यात अब्बा गेले.

यंदा पहिल्या रोज्याला मी शाळेतून सुट्टी काढून मुकुटबनला आले. घर उघडलं, झाडलं, संध्याकाळी चटई अंथरली. खजूर, पाणी, थोडी भजी. एकटीच बसले होते. अजानला थोडाच वेळ होता, तेवढ्यात फाटक वाजलं. बापूकाका. ओठ सुकलेले, डोळे आत गेलेले.

मी घाबरून उठले. वयाचा माणूस, काय सांगावं आणि कसं सांगावं! "काका," मी म्हटलं, "अब्बा तर..."

"माहीत हाये मले."

ते येऊन चटईवर बसले. अजान झाली. त्यांनी खजूर उचलला, तोंडात घालायच्या आधी माझ्याकडे पाहिलं.

"हा त्याचा नोहे पोरी," म्हणाले. "हा माहा हाये."