पहाटेचं पाठांतर

माझ्या वडिलांनी मला संस्कृत शिकवलं ते पहाटे, दिवा लावून, डोळ्यांवर पाणी मारून. त्यामुळे संस्कृत पहाटेच येतं, अशी माझी पक्की समजूत. ही समजूत घेऊन मी एकोणीसशे साठच्या आगेमागे तापीकाठच्या एका गावात शिक्षिका म्हणून आले. नव्या हायस्कुलात आठवीपासून संस्कृत सुरू करायचं होतं आणि अभ्यासक्रम आखायचं काम माझ्यावर आलं. चोविशी नुकतीच ओलांडलेली, शिंगं फुटलेली!

मी आखलं ते असं : पहिलं वर्षभर व्याकरणाचं नाव काढायचं नाही. फक्त सुभाषितं, शब्दरूपं आणि कोशातले श्लोक तोंडपाठ. त्यासाठी रोज सकाळी साडेसहाला शाळेच्या ओट्यावर जमायचं. शाळा अकराला भरायची, ती वेगळी. आणि तीन सकाळी चुकल्या की संस्कृतातून नाव कमी, त्याऐवजी शिवणकाम. मुख्याध्यापकांनी मान डोलावली. त्यांना संस्कृत येत नव्हतं, मग ते काय बोलणार!

दहा मुलं आली. त्यांत मुलगी एकच, गावातल्या कापूसवाल्या शेतकऱ्याची. घरी, गल्लीत अहिराणी. शाळेतली मराठी बोलतानाच ती अडखळायची. पण श्लोक एकदा ऐकला की झालं. बाकीचे नऊ जण घोकून घोकून घामाघूम होत, तोवर ही पुढच्या श्लोकाची वाट बघत बसलेली असे. तिने मॅट्रिकला संस्कृत घ्यावं, पुढे कॉलेजात जावं, हे मी मनातल्या मनात ठरवूनही टाकलं होतं. तिच्या वडिलांनाही मी तसं सांगून आले होते. त्या भरवशावरच त्यांनी तिची शाळा पुढे चालू ठेवली होती.

दिवाळीनंतर कापूस फुटला आणि ती यायची थांबली. सकाळची तेवढी. अकराला ती वर्गात हजर असायची, बोटं बोंडांनी ओरखडलेली.

चौथ्या दिवशी शाळा भरताना मी तिला ओट्यावर उभं केलं. बाकीचे नऊ जण बघत होते.

"बाई, सकायले कापूस येचना पडस," ती म्हणाली. "ऊन तपनं का पाला सुकस, कापूसले चिकटस. पाठ मी वावरमा म्हनस."

"म्हणून दाखव," मी म्हटलं.

तिने म्हटलं. तिन्ही दिवसांचं, जे मी शिकवलं तेव्हा ती तिथे नव्हतीच. शेजारच्या मुलाची वही संध्याकाळी मागून नेत होती, हे मला मागून कळलं. एक मात्रा चुकली नाही. तरीही माझ्या तोंडून निघालं, "नियम तो नियम."

का म्हटलं? आजवर पन्नास वेळा स्वतःला विचारून झालंय. हिला सोडलं तर उद्या नऊही जण झोपून राहतील, हे मी तेव्हा सगळ्यांना सांगितलेलं कारण. खरं कारण एवढंच की माझ्या पहाटेवाचून कुणाला तरी संस्कृत येत होतं, आणि ते मला सोसलं नाही.

नाव कमी झालं. आठवड्याभरात तिचे वडील शाळेत आले. भांडले नाहीत. "संस्कृत शिकस म्हनीसन धाडी ऱ्हायंतू, बाई," ते म्हणाले. "शिवानं ते तिनी माय बी शिकाडी." आणि तिला शाळेतून काढून घेऊन गेले. मी खिडकीतून बघत राहिले. फाटकापर्यंत धावत जायला मला अर्धं मिनिट लागलं असतं.

पुढच्या हिवाळ्यात माझा घसा बसला. सकाळच्या गारठ्यात आवाज फुटेना. मी मुख्याध्यापकांना चिठ्ठी लिहिली आणि पाठांतराचा तास दुपारी दोनवर नेला. कुणी एका शब्दाने विचारलं नाही. वेळ बदलायला एक चिठ्ठी पुरली! आपला तो बाब्या आणि लोकाचं ते कार्टं, दुसरं काय.

त्याच दिवसांत ती मला नदीच्या वाटेवर भेटली. डोक्यावर पऱ्हाट्यांचा, कापसाच्या वाळलेल्या काड्यांचा भारा. तिने तो खाली टेकवला.

"बाई, संस्कृत आते दुपारले शे का?"

"हो," मी म्हटलं. "माझा घसा बसलाय ना."

"दुपारले ते मी मोकईच ऱ्हास," ती म्हणाली.

तिच्या बोलण्यात तक्रार नव्हती. दुपारी मोकळी आहे, येऊ का, असं ती मला विचारत होती. माझ्या मनात काय काय आलं : हजेरीपटात नाव नाही, वर्ष अर्धं सरलं, मुख्याध्यापक काय म्हणतील, आणि बाईंनी आपलाच नियम मोडला म्हणून गाव हसेल. ती उभी होती. मी घशाला हात लावून, थंडी फार पडलीय, असं काहीतरी बोलले.

तिने भारा उचलायला मला हात लावायला सांगितला. मी लावला, आणि ती गेली. वैशाखात तिचं लग्न झालं. "उद्यापासून ये," एवढंच म्हणायचं होतं मला.